जेवणघराच्या दारातली रेघ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी मला गणपतीच्या कार्यक्रमात गाठलं आणि म्हणाल्या, "तुम्ही कंपनीच्या खर्चाने एवढे फिरून आलात, तर प्रवासवर्णन द्या ना. हलकंफुलकं. फॉलमध्ये लोकांना वाचायला बरं." मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, आणि खरं तर फारसं बोलताही येत नाही. हलकंफुलकं लिहायला बसलोही होतो. ओहायोपर्यंत ते ठीक चाललं. बॉथेलला आल्यावर पुढे सरकेना. म्हणून फाडलं आणि हे लिहिलं.

पिस्कॅटवे

मी आर्किटेक्ट आहे. वय चोपन्न. आमची फर्म हॉस्पिटलं, दवाखाने, म्हाताऱ्यांची निवासस्थानं अशा इमारती करते. फर्मची एक जुनी चांगली प्रथा आहे: दर वर्षी एका माणसाला फेलोशिप मिळते. तीन आठवडे भरपगारी रजा, प्रवासाचा सगळा खर्च, आणि विषय आपल्या आवडीचा. अटी दोनच. परत आल्यावर एका दुपारी सगळ्या ऑफिससमोर हाताने काढलेली चित्रं लावून बोलायचं, आणि प्रवासात दिसलेली निदान एक गोष्ट पुढच्या इमारतीत उतरवायची. आमच्या लॉबीतला जिना एकीने मेक्सिकोहून आणलाय. एका वाचनालयाच्या खिडक्या नॉर्वेच्या आहेत. लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात. मी पहिल्यांदाच केला आणि मला मिळाली.

मी विषय दिला होता, विसरत चाललेल्या माणसांची घरं. मुलाखतीत आमच्या मुख्य भागीदार डायन यांना सांगितलं की माझी आई आमच्याकडे राहते, तिचं सगळं पुसत चाललंय, आणि तिच्यासारख्यांचं घर कसं असावं ते मला शोधायचंय. डायनचे डोळे भरून आले. मी सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त अर्जाचं कारण ते नव्हतं. "आपण कोण?" हा आईच्या तोंडचा प्रश्न तीन आठवडे ऐकायला लागू नये, म्हणून मी अर्ज केला होता. माझी बायको वैशाली औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये असते. मुलगी रेवा इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते, होस्टेलवर राहते. आई दिवसभर घरी, एक बाई येऊन जाऊन. त्यात आई गॅस चालू ठेवायला लागली होती.

"तू नसताना मी एकटीने कसं करू?" वैशालीने विचारलं.

"तेवढे तीन आठवडे आपल्या होममध्ये ठेवू तिला. शॉर्ट स्टे असतो."

"आपल्या म्हणजे?"

"मी डिझाइन केलंय ना ते."

"डिझाइन केलंस म्हणून आपलं होतं का? अरे, त्यांचं इंग्लिश गेलंय सगळं. पाणी कसं मागतील?"

"स्टाफ ट्रेन्ड असतो."

ती कपडे घडी करत होती. हातातलं ठेवून म्हणाली, "तीन आठवडे म्हणून ठेवशील आणि परत आणणार नाहीस. तसं असेल तर आत्ताच सांग."

"आल्यावर ठरवू," मी म्हणालो.

तेव्हा सगळं या दोन शब्दांवर टांगलेलं होतं. आई परत घरी येणार की कायमची तिथे राहणार, ते मी प्रवासाहून आल्यावर ठरणार होतं. मनात मी ठरवून टाकलं होतं.

ती जागा मी कशी निवडली तेही सांगतो. लोक अशा ठिकाणी दोनदा जाऊन बसतात, जेवण चाखतात, तिथल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघतात. मी प्लॅन बघून निवडली. माझाच प्लॅन. मधोमध अंगण, भोवती गोल फिरणारा रुंद रस्ता, कुठे वाट संपत नाही, प्रत्येक खोलीत सकाळचं ऊन. मासिकात फोटो आले होते. आमच्या धंद्यात फोटो काढतात ते माणसं राहायला येण्याआधी. त्यामुळे त्या फोटोंत कोणी नाही. आणि उद्घाटनानंतर मी तिथे पुन्हा गेलो नव्हतो. थेट आईची बॅग घेऊनच गेलो.

आईने खोलीच्या दाराशी चपला काढल्या, भिंतीशी जुळवून ठेवल्या आणि आत आली. नर्सने त्या उचलून पुन्हा तिच्या पायाशी ठेवल्या. आईने पुन्हा काढल्या. "किती गोड," नर्स म्हणाली. मी खिडकीतल्या उन्हाकडे बघत होतो. ऊन मी काढलं होतं तसंच येत होतं.

ओहायो

ओहायोतल्या होमबद्दल आमच्या धंद्यात फार बोललं जातं. इमारतीच्या आत एक अख्खा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरांचे दर्शनी भाग, पोर्च, झुलत्या खुर्च्या, टपालपेट्या. वर छताला आकाश रंगवलंय आणि दिव्यांनी तिथे सकाळ, दुपार, संध्याकाळ होते. गवत प्लास्टिकचं. एका कोपऱ्यात बसस्टॉप, बाक आणि पाटी. बस अर्थात येत नाही. "घरी जायचंय" असं कोणी म्हणायला लागलं की त्याला बाकावर बसवतात, थोड्या वेळाने तो विसरतो.

मी त्याच बाकावर चित्र काढत बसलो. शेजारी निळा स्वेटर घातलेली एक बाई येऊन बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"बस कधी आहे?" तिने विचारलं.

"येईल एवढ्यात," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीही त्यांच्यातलेच," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

जेवायला मीटलोफ होता. मी शाकाहारी, म्हणून मला उकडलेले वाटाणे, कुस्करलेले बटाटे आणि हिरवी जेली दिली. जेवणाचा वास कुठेच नव्हता, कारण स्वयंपाकघर मागे, बंद दारांपलीकडे. आपल्याकडे फोडणीचा वास आला की म्हातारं माणूस आपणहून पाटावर येऊन बसतं. इथे घंटा वाजवतात. त्या मावळत्या खोट्या आकाशाखाली सगळे आपापल्या पोर्चवर बसलेले बघून मला कोल्हापुरातला आमच्या गल्लीचा कट्टा आठवला. तिथली म्हातारी माणसंही अशीच रांगेने बसायची. फरक एवढाच की कट्ट्यासमोरून कोणीतरी जायचं.

निघताना मला दार सापडेना. बाहेर जायच्या दारावर पुस्तकांचं कपाट रंगवलं होतं, दार आहे हे राहणाऱ्यांना कळू नये म्हणून. दार करणारा माणूस मी, आणि भिंत चाचपत दोनदा त्याच्यासमोरून गेलो. शेवटी एका स्वयंसेवकाने माझा दंड धरला आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, "तुमचं नाव काय, सर? खोली कुठली?" मी ओळखपत्र दाखवलं तेव्हा आम्ही दोघं हसलो. तो जरा जास्त हसला.

असं दार लपवण्याची आणखी एक युक्ती असते, आणि ती मी आमच्या होममध्ये वापरली आहे. मेंदूचा हा आजार झाला की काळ्या फरशीचा पट्टा खड्ड्यासारखा दिसतो. म्हणून बाहेरच्या दारापुढे काळ्या टाइल्सचा पट्टा घालायचा. माणूस तिथे येतो, थांबतो, मागे फिरतो. कुलूप नाही, आरडाओरडा नाही. मला या युक्तीचा अभिमान होता. ओहायोच्या व्यवस्थापिकेला मी ती मुद्दाम सांगितली.

संध्याकाळी हॉटेलवरून घरी फोन केला.

"दुपारचं जेवत नाहीत म्हणे," वैशाली म्हणाली. "जेवणघरात यायलाच तयार नाहीत. मी ऑफिसमधून जाताना मऊ भात नेते, तो खोलीत खातात थोडा."

"ॲडजस्टमेंट पिरियड असतो."

"हे तू मला सांगतोयस की त्यांच्या ब्रोशरमधून वाचतोयस?"

मी परतीच्या विमानाची वेळ सांगायला लागलो.

"सारखं विहीर, विहीर म्हणतात," ती म्हणाली.

"तिच्या माहेरी परसात होती. लहानपणचं आठवत असेल."

"मलाही तसंच वाटलं," वैशाली म्हणाली.

बॉथेल

बॉथेलला मी पेठेकाकांकडे उतरलो. काका मूळ नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. इथे येणाऱ्या पहिल्या मराठी लोकांतले. सुमनकाकूंना दीड वर्षापूर्वी त्यांनी जवळच्या होममध्ये ठेवलं. माझ्या यादीत ते होम होतं, म्हणून एका मित्राने ओळख करून दिली.

सकाळी काकांनी स्वतः तर्री पोहे केले. बाहेर देवदारांवर बारीक पाऊस, थांबतही नाही आणि पडतोय असंही वाटत नाही असा.

"खा. नुसती लाल आहे, तर्री नाही ती," काका म्हणाले. "तर्री सुमनला जमायची. तर तू म्हाताऱ्यांची घरं पाहत फिरतोस. कंपनीच्या पैशाने."

"हो काका."

"मजा आहे बावा. आम्ही आमच्या पैशाने पाहतो."

त्यांनी एक कापडी पिशवी घेतली. मला वाटलं डबा असेल. होममध्ये काकू खिडकीशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, पायांत मोजे. काकांनी मला दाखवून म्हटलं, "हा पाहुणा आलाय कोल्हापूरचा." काकू म्हणाल्या, "चहा टाका." मग त्यांना हाताला धरून आम्ही बागेकडे निघालो.

बागेच्या दारापुढे काळा मॅट होता. काकू त्याच्या काठाशी येऊन थांबल्या. ओढलं असतं तर पडल्या असत्या, इतक्या ताठ. काकांनी हात सोडला, पिशवीतून एक पांढरी चादर काढली, झटकून त्या मॅटवर अंथरली, गादीवर घालावी तशी कडा ओढून सारखी केली, आणि म्हणाले, "चल सुमन, झालं." काकू चादरीवर पाय ठेवून सरळ पलीकडे गेल्या. मागून एक नर्स म्हणाली, "डॉक्टर आपला गालिचा घेऊन आले वाटतं!" बाकीच्या हसल्या.

बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "तिला तिथे खड्डा दिसतो. डोळे ठीक आहेत तिचे, मी तपासून घेतले. मेंदू म्हणतो खड्डा. सुरुवातीला मला काय वाटायचं माहीत आहे? हिला माझ्यासोबत यायचंच नाही. रुसलो होतो रे मी तिच्यावर. या वयात! दोन-तीन दिवस गेलोच नाही."

"ते मुद्दाम करतात, काका. बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून."

"ते समजलं मला. पण मी न्यायला आलो तर? ते कोणी कागदावर काढलं होतं का? कोण्या गाढवाने ठरवलं असेल हे? आर्किटेक्टच असणार. तुझ्यासारखाच कोणी." आणि माझ्या पाठीवर थाप मारून ते हसले.

मी हसलो नाही, कारण त्या क्षणी मला आमच्या होमचा प्लॅन दिसला. अगदी कागदावर दिसतो तसा, वरून.

बाहेरच्या दारापुढचा काळा पट्टा मी काढला होता तो रस्त्याच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर, जेवणघराचं दार. कागदावर ती रेघ अर्धवट वाटत होती. एका बाजूला जाड काळी रेघ आणि समोर काहीच नाही. ज्यांनी कधी प्लॅन काढला नाही त्यांना ही खाज समजणार नाही. रेघेला रेघ जुळावी लागते. मी तशीच रेघ जेवणघराच्या दारापुढेही ओढली. तीच टाइल, तीच रुंदी. होमच्या मुख्य नर्सने तेव्हा विचारलं होतं, "इथेही काळं कशाला?" मी म्हणालो होतो, "पट्टा अरुंद आहे, आणि इथे त्यांच्याबरोबर कोणी ना कोणी असतंच." कामाची घाई होती. तिने मान्य केलं. फोटोंत ती रेघ फार देखणी दिसते.

आईची विहीर माहेरच्या परसात नव्हती. ती जेवणघराच्या दारात होती, आणि मी खणली होती.

यापुढचं मला सांगायचं आहे, बाकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. दुपारी होमच्या पार्किंगमध्ये काका गाडी काढत होते आणि मी फोन हातात घेतला. आमच्या होमचा नंबर समोर होता. एवढंच म्हणायचं होतं: त्या पट्ट्यावर एक फिकट सतरंजी टाका. पाच मिनिटांत झालं असतं. मी फोन केला नाही. आमच्या होमच्या मालकाची दुसरी इमारत आमच्या फर्मला मिळायच्या बेतात होती. सतरंजी का, असं त्याने विचारलं असतं. उत्तर डायनपर्यंत गेलं असतं. फेलोशिपवर गेलेल्या माणसाच्या स्वतःच्याच इमारतीत ही चूक, असं ऑफिसने म्हटलं असतं. मी मनात म्हणालो, परत गेल्यावर नीट, समोरासमोर सांगू. वैशालीला फोन करून "तू चादर टाक" म्हणता आलं असतं. तिने "का" विचारलं असतं, म्हणून तेही नाही.

"काय झालं? घरचा फोन?" काकांनी विचारलं.

"नाही, ऑफिसचा," मी म्हणालो, आणि सीटबेल्ट लावला.

सनीव्हेल

सनीव्हेलचं ठिकाण मी शेवटी ठेवलं होतं कारण ते कोणा आर्किटेक्टने केलेलंच नव्हतं. साध्या वस्तीतलं एक बसकं घर, त्यात सहा म्हातारी माणसं. आसपास सगळ्या चिपवाल्यांच्या आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या इमारती. मी कॅलट्रेनने गेलो, स्टेशनवरून चालत. रस्त्यात माझ्याशिवाय चालणारं कोणी नव्हतं, नुसत्या कंपन्यांच्या बसेस जात होत्या.

छप्पर ठेंगणं, बोळ अंधारा, टीव्ही अखंड चालू. लघवीचा वास आणि भाताचा वास एकमेकांत मिसळलेला. एक बाई दिवसभर खिडकीशी बसून एकच रुमाल घडी करत होती आणि तिच्याकडे कोणाला फुरसत नव्हती. तिथे काही चांगलं होतं आणि ते मला दिसलं असं मी लिहिणार नाही. चालवणाऱ्या लोर्नाबाईंनी मला आल्याचं गरम सूप दिलं. मी जेवणाच्या टेबलाशी बसून बोळाचं चित्र काढत होतो. जमिनीवर फिकट रंगाचं जुनं लिनोलियम, भेगा पडलेलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच. ते मी फार काळजीपूर्वक काढलं.

तेव्हा रेवाचा फोन आला. रेवा माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलते. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, लहानपणापासून आमचं तसंच चालतं. त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आजी पडली."

पुन्हा पिस्कॅटवे

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मी पोचलो तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आपण डॉक्टर का?"

काय घडलं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. आई दुपारी काही खात नाही म्हणून रेवा दोन तासांच्या मधल्या सुटीत होममध्ये गेली होती. वैशालीने डब्यात शिरा दिला होता. रेवाला वाटलं, आपण आत बसलो तर आजी आपल्याला बघून येईल. ती जेवणघरात टेबलाशी बसली, डब्याचं झाकण उघडलं आणि हाक मारली, "आजी, ये ना!"

आई दारात आली. रोज यायची तशीच, असं नंतर कळलं. रोज ती त्या पट्ट्याच्या काठाशी चपला काढून जुळवून ठेवायची, थोडा वेळ उभी राहायची आणि नुसत्या मोज्यांवर परत फिरायची. स्टाफने लिहून ठेवलं होतं, "जेवणास नकार." त्या दिवशी तिने पलीकडे रेवाला पाहिलं. कित्येक महिन्यांत तिने रेवाचं नाव घेतलं नव्हतं. "रेवा, हलू नकोस गं, मी आले," असं म्हणून तिने चपला काढल्या, दोन पावलं मागे गेली, गाऊन वर धरला आणि उडी मारली. ऐंशी उलटलेली बाई, पायांत मोजे, खाली गुळगुळीत टाइल.

होमच्या अहवालात लिहिलंय: पायांत फक्त मोजे असल्याने तोल गेला.

मी आईचं सामान आणायला गेलो तेव्हा जेवणाचीच वेळ होती. रांगेने चाकाच्या खुर्च्या जेवणघरात जात होत्या. त्यातले काही जण आईला ठेवायला आलो त्या दिवशी अंगणात आपल्या पायांनी फिरताना मी पाहिले होते.

"हे चालू शकतात ना?" मी मुख्य नर्सला विचारलं.

"चालतात. पण इथे दारात अडतात सगळे," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून आम्ही खुर्चीतूनच नेतो. तुमच्या आई खुर्चीत बसायच्या नाहीत." ती पट्ट्याकडे बघत होती की माझ्याकडे, ते मी बघितलं नाही.

काही आठवड्यांनी ऑफिसात माझं भाषण झालं. चित्रं भिंतीवर लावली. बसस्टॉपचा बाक, चादर अंथरणारे काका, सनीव्हेलचं लिनोलियम. सगळे सँडविच खात होते, पण काकांच्या चित्रापाशी खाणं थांबलं. मी म्हणालो, या प्रवासातून मी एकच गोष्ट आणली आहे, माणूस ज्या वाटेने जेवायला जातो त्या वाटेत रेघ नको. टाळ्या झाल्या. डायन म्हणाल्या, "ही फेलोशिप आपण कशासाठी देतो ते आज समजलं." आमच्या होममधल्या काळ्या टाइल्स काढून फिकट बसवल्या, फर्मच्या खर्चाने, प्रवासातून सुचलेली सुधारणा म्हणून. मालक खूश. दुसरी इमारत आम्हालाच मिळाली. त्या दोन गोष्टी, आई आणि टाइल, कोणीही एकमेकांशी जोडल्या नाहीत. मीही जोडून दिल्या नाहीत.

आई आता घरी आहे. "आल्यावर ठरवू" म्हणालो होतो, ते ठरवायची वेळ माझ्यावर आली नाही. हॉस्पिटलमध्येच वैशाली म्हणाली, "आता घरी. तुला चालत नसेल तर तू बघ कुठे राहायचं ते." तिने अर्धवेळ काम घेतलंय. खालच्या खोलीत पलंग टाकलाय. आई पुन्हा उभी राहिलेली नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत रेवा घरी होती, पण आजीच्या खोलीत जायची नाही. एकदा मी स्वयंपाकघरात होतो आणि पलीकडे ती वैशालीला म्हणत होती, "आय कॉल्ड हर, मम्मा. शी जम्प्ड बिकॉज आय कॉल्ड हर." वैशाली तिला समजावत होती, अपघात होता, तुझी काय चूक. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. असा अख्खा उन्हाळा मी काढला. काळी रेघ मी चुकून ओढली होती. बॉथेलला फोन केला नाही तो भीतीने. पण हे, माझी मुलगी ते ओझं घेऊन घरात फिरतेय आणि मी बघतोय, याला मला शब्द मिळत नाही.

डायनना मी गेल्या सोमवारी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, वकिलांशी बोलेपर्यंत हे कुठे लिहू नकोस. मी इथे लिहितोय. मराठीत आहे, तिथे कोणाला वाचता येणार नाही, म्हणूनच एवढं धाडस, असं कोणाला वाटेल. ते थोडं खरं आहे.

रेवालाही मराठी वाचता येत नाही. ऐकलेलं मात्र सगळं समजतं. त्यामुळे मला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. गणपतीनंतरच्या शनिवारी, दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती. सोमवारचं तेवढं सोडून वरचं सगळं वाचलं.

"सो व्हेन डिड यू नो?" रेवाने विचारलं.

"बॉथेलमध्ये."

"बिफोर शी फेल?"

"हो. आधी."

तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही. "अँड यू लेट मी..." एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून होस्टेलवर गेली. वैशालीने पुढे येऊन रेवाची खुर्ची आत सरकवली. मग म्हणाली, "आईंना भरवायची वेळ झाली," आणि आत गेली.

यापुढचं नंतर लिहिलंय.

आईला आता प्रत्येक दारात विहीर दिसते. आम्ही पायपुसणं काढलं, काळ्या लाकडी जमिनीवर जास्तीचे दिवे लावले, तरी कोणी आत यायला लागलं की ती पलंगावरून हात उंच करते आणि म्हणते, "जपून हो. तिथे विहीर आहे." नर्सला म्हणते, वैशालीला म्हणते, मला म्हणते. मी कोण हे तिला माहीत नाही, पण मी पडू नये असं तिला वाटतं. मी प्रत्येक वेळी पाय उंच उचलून आत जातो.

काल रेवा आली. तीन आठवडे तिने माझे फोन घेतले नव्हते. माझ्याशी काही न बोलता ती वर गेली आणि कपाटातली पांढरी चादर घेऊन खाली आली. आजीच्या दाराशी आतून "जपून गं" ऐकू आलं. रेवा खाली बसली, दारापासून पलंगापर्यंत चादर अंथरली, कडा ओढून सारख्या केल्या. मग बूट काढले, भिंतीशी जुळवून ठेवले आणि चादरीवरून चालत आत गेली.

"झालं, आजी," ती म्हणाली.

"ये," आई म्हणाली. "बस."

मी दारात उभा होतो. चादर तशीच अंथरलेली होती. रेवाने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. ये म्हणाली नाही. मी तिथेच उभा राहिलो.